बर्फवाल्याची हिमनदी

आमच्या घरमालकांना हिमनदी अजिबात पसंत पडली नाही. एवढ्या लांबून, एवढी पायपीट करून आम्ही पिंडारीच्या बर्फापाशी पोचलो, तर हे कमरेवर हात ठेवून उभे. डोळे बारीक करून त्यांनी तो सगळा पसारा वरपासून खालपर्यंत न्याहाळला, पायाजवळच्या बर्फावर तळहाताने दोन थापा मारल्या, वाकून कान लावला आणि निकाल दिला, "हा काय माल झाला? समदा मळका. असली लादी माझ्या कारखान्यातून गेली, तर गिऱ्हाईक मला दारात उभं करायचं नाय."

आमच्या वाटाड्याला मराठी येत नव्हतं. कुमाऊंतला पहाडी माणूस, बोलणं कमी आणि चालणं फार. थापा मारून, कान लावून सेठजी काहीतरी पुटपुटले म्हणजे देवभोळे असावेत, असं समजून त्याने भक्तिभावाने मान डोलावली. मी आणि माझा नवरा तोंडात मफलर कोंबून मागे उभे होतो.

या घरमालकांना मी काका म्हणायची, पण खरं तर ते माझे कुणी नव्हते. औरंगाबादेत औरंगपुऱ्याच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर होतं आणि वरच्या दोन खोल्यांत आम्ही भाड्याने राहायचो. मी टेलिफोनच्या कचेरीत, नवरा बँकेत. लग्नाला वर्ष झालेलं. त्यांच्या बायकोला मी काकू म्हणायची. गाव मात्र त्यांना बर्फवालेच म्हणायचं. त्यांचे वडील लासूर स्टेशनकडचे शेतकरी. पोलीस ॲक्शननंतर निजामाच्या वेळचा एक बंद पडलेला बर्फाचा कारखाना त्या म्हाताऱ्याने घेतला आणि कुणब्याचा पोरगा रातोरात बर्फवाला झाला. पण जिभेवरची शेती गेली नाही. लोखंडी डब्यांत पाणी भरून ते मिठाच्या पाण्यात सोडले, की काका म्हणायचे, "पेरा झाला." लाद्या निघाल्या, की "कापणी झाली." वीज गेली आणि लाद्या नीट जमल्या नाहीत, तर जेवताना काकूंना सांगायचे, "औंदा पीक बसलं." मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, गावाकडे दुष्काळ पडला. मी तोंडभरून सांत्वनही केलं.

बर्फाची पारख म्हणजे त्यांचं वेद-पुराण सगळं. लादीवर थाप मारायची, आवाज ऐकायचा. खणखणीत आला तर लादी ठोस. मग उन्हात धरून गाभा बघायचा. काचेसारखा आरपार असेल तर एक नंबर, मधे पांढुरका असेल तर आत हवा अडकलेली, म्हणजे गाभा दुधी. हा माल कोळ्यांना, मासळी झाकायला. आणि ही पारख ते बर्फापुरती ठेवत नसत, हीच तर गंमत. माझ्या नणंदेला बघायला एक मुलगा आला होता. देखणा, सरकारी नोकरीतला. तो गेल्यावर काका जिन्यात उभे राहून मला म्हणाले, "पोरी, वरून काच हाय, पर गाभा दुधी हाय. नाय म्हणून सांगा." आम्ही हो म्हणून सांगितलं. नणंदेचा संसार आजही दृष्ट लागण्यासारखा चालला आहे. माणसांच्या बाबतीत काकांचे अंदाज निम्म्याहून अधिक चुकायचे. पण चुकलं असं त्यांना कधी वाटलं नाही. ते म्हणायचे, "थांबा, अजून ऊन कुठं लागलंय?"

उन्हाळ्यात सगळा गाव थंड पाण्यासाठी तडफडायचा आणि हा माणूस भर दुपारी उकळता चहा प्यायचा. थंड पाण्याला शिवायचा नाही. "बर्फ इकायचा असतो, खायचा नसतो," हे त्यांचं ब्रीद. घरातही कुणी बर्फ खाल्लेला त्यांना चालत नसे. आणि काकूंना तर बर्फ जीव की प्राण! दुपारी पदरात तुकडा बांधून त्या हळूच माझ्या खोलीत यायच्या. मग दार लावून आम्ही दोघी कडाकडा बर्फ चावायचो आणि सासरमाहेरचं बोलायचो. त्यांना वाटे, आपली चोरी पचली. मला मात्र काही दिवसांनी उमगलं, की रोज दुपारी कारखान्याच्या मागच्या पायरीवर स्वच्छ ओल्या फडक्यात गुंडाळलेला एक तुकडा आपोआप पडलेला असतो. तो दुधी कधीच नसे.

एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. लग्नाच्या मांडवाला बर्फ लागला, तर हातगाडीवर गडी घेऊन जायचा. पण कुणाकडे माणूस गेलं, लेक परगावाहून यायची आहे, देह तोवर टिकवायचा आहे, असा निरोप आला की काका स्वतः उठायचे. हातातला चहा तसाच. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "लग्नाचा बर्फ उशिरा गेला तर शिव्या बसत्यात. मयताचा उशिरा गेला तर शिव्या द्यायला बी कुणी उठत नाय." त्या घरी ते चपला बाहेर काढायचे, लाद्या आपल्या हातांनी लावायचे आणि लेक येईपर्यंत भिंतीशी बसून राहायचे. ओळख असो नसो. अशा वेळी त्यांनी कधी कुणाचा गाभा सांगितला नाही.

आता हिमनदीचं खूळ कुठून आलं ते सांगते. कारखान्याला अमोनिया गॅस पुरवणाऱ्या एका दुकानाने एका वर्षी कॅलेंडर दिलं होतं. त्यावर मोठी थोरली हिमनदी. वर्ष संपलं, तारखा फाटल्या, पण काकूंनी चित्र स्वयंपाकघरात तसंच ठेवलं. चुलीपुढे घाम पुसत त्या त्याच्याकडे बघायच्या. "एवढा बर्फ, अन् याला ना डबा लागला, ना मशीन," त्या मला म्हणायच्या. "यांना किती वर्सं झाली म्हणते, एकदा दाखवा. नुसतं लांबून." यावर काकांचं उत्तर ठरलेलं. उन्हाळ्यात विचारलं तर, "येडी का तू? आत्ता हंगाम हाय." हिवाळ्यात विचारलं तर, "आत्ता तिकडं रस्ते बंद असत्यात." बर्फवाल्याला सवड असते तेव्हा बर्फाची वाट बंद, आणि वाट उघडते तेव्हा बर्फवाल्याला सवड नाही. या फेऱ्यात त्या दोघांची उमेदीची सगळी वर्षं निघून गेली. पैठणला नाथषष्ठीला आणि लासूरला देवीला, याच्यापलीकडे काकू कुठे गेल्या नव्हत्या.

हा फेरा माझ्या नवऱ्याने फोडला. त्याला डोंगर चढायचा नाद. तो म्हणाला, पाऊस संपला की ऑक्टोबरात पिंडारीची वाट उघडी असते, हंगामही नसतो, आम्ही जाणारच आहोत, तुम्ही दोघं चला. काकांना पळवाट उरली नाही. चौघांची तिकिटं काढली. काकूंनी त्यांच्यासाठी नवे कातडी बूट घ्यायला लावले, स्वतःसाठी एक लोकरीचा स्वेटर विणला, माझ्याकडून कानटोपी करून घेतली.

निघायच्या आधीच्या पंधरवड्यात काकूंच्या छातीत दुखलं. डॉक्टर म्हणाले, घाबरण्यासारखं नाही, पण उंचावर न्यायचं नाही. आत्ता नाही आणि पुढेही नाही.

काकांनी तिकिटं फाडायला काढली. काकूंनी ती हातातून ओढून घेतली. मी तिथे होते. त्या म्हणाल्या, "माझं बघणं गेलं म्हणून तुमचं बी घालवता का? तुमी जा. अन् माझ्यासाठी तिथला बर्फ आणा. थोडा आणा, पर आणा."

दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, अगं, एवढ्या लांबून बर्फ टिकतो का? पण बर्फ टिकवणं हा या माणसाचा धंदा होता. काका दोन दिवस कारखान्यातून घरी आले नाहीत. आले तेव्हा हातगाडीवर एक लाकडी पेटी होती. आतून पत्रा ठोकलेली, तळाला पाणी निघून जायला नळी, भोवती गोणपाट, आणि काठोकाठ भुसा भरलेली. हिमालयात भुसा घेऊन निघालेला तो पहिला मराठी माणूस असावा. गाडीत जो तो विचारायचा, पेटीत काय आहे? काका गंभीरपणे सांगायचे, "सध्या काय नाय. येताना असणार हाय." ती पेटी पुढे बसच्या टपावर चढली, मग खेचराच्या पाठीवर बसली. खेचरवाल्याला काका बजावत होते, "जपके. जनानी का सामान है."

आणि एवढं करून समोर आली ती ही मळकी हिमनदी. पुढचं टोक मातीने आणि दगडगोट्यांनी झाकलेलं. काका बराच वेळ ते दगड पायाने बाजूला सारत होते, खाली बघत होते. मग एकदम खूश होऊन माझ्या नवऱ्याला म्हणाले, "आलं ध्यानात. आपुन भुसा टाकतो, देवानं दगडं टाकलीत. झाकून ठिवलाय माल. आत चांगला असणार." त्यानंतर हिमनदीविषयी त्यांचं मत थोडं सुधारलं.

वाटाड्या पेटी पाठीशी बांधून पुढे, आम्ही मागे. त्याचा एकच नियम. "सेठजी, जहाँ मेरा पैर, वहीं आपका पैर." मी प्रत्येक पाऊल दोनदा चाचपून टाकत होते. काका मात्र गावच्या बांधावरून चालल्यासारखे चालत होते. जन्म बर्फावर गेलेला माणूस, त्याला कोण शिकवणार? थोडं वर गेल्यावर वाटाड्या थांबला, म्हणाला, बस, याच्या पुढे नाही. बर्फ घ्यायचा तर इथला घ्या. त्याने कुऱ्हाडीने एक ढेप तोडूनही दिली. राखाडी, आत मातीचे कण, मधे मधे बुडबुडे. काकांनी ती उन्हात धरली आणि खाली ठेवली. "दुधी हाय. अन् वर माती. तिच्यासाठी ह्यो न्यायचा व्हय?"

पलीकडे बर्फाचा एक कडा होता. निळाशार, काचेसारखा आरपार. मधे पांढऱ्या बर्फाचा लहानसा पट्टा. वाटाड्याने काकांची नजर ओळखली आणि हात आडवा केला, "वहाँ नहीं. नीचे दरार है." काका वाकले. पट्ट्याच्या कडेवर त्यांनी थाप मारली, कान लावला, आणि आमच्याकडे बघून म्हणाले, "ठोस हाय." आम्ही काही बोलायच्या आत त्यांनी पाऊल टाकलं.

आवाजसुद्धा फारसा झाला नाही. काका कमरेपर्यंत आत गेले. हातातली काठी आडवी पडली म्हणून तिथे अडकले, नाहीतर काय झालं असतं ते मला आजही मनात आणवत नाही. वाटाड्याने पोटावर झोपून त्यांच्या बगलेत हात घातले, माझ्या नवऱ्याने वाटाड्याचे पाय धरले, आणि मी नुसती किंचाळत होते. ओढून काढलं तेव्हा एक बूट आतच राहिला होता. काका बर्फावर बसले आणि पहिलं वाक्य काय, तर, "आवाज बराबर हुता."

मग मात्र माझा तोल सुटला. भाडेकरूने घरमालकावर ओरडावं असा प्रसंग औरंगपुऱ्यात कधी आला नव्हता. तो तिथे बर्फावर आला. मी रडत होते आणि ओरडत होते, "तुमचं काही झालं असतं तर काकूंना मी काय तोंड दाखवलं असतं? काय सांगितलं असतं, चांगला माल शोधायला गेले म्हणून?" वाटाड्या काकांच्या उघड्या पायाला पेटीभोवतीचं गोणपाट बांधत होता. तो शांतपणे म्हणाला, "सेठजी, आवाज़ ऊपर का था. नीचे तो कुछ था ही नहीं." काकांनी मान हलवली. थोड्या वेळाने त्यांनी ती टाकलेली मळकी ढेप स्वतः उचलली, पुसली आणि भुशात नीट पुरली. उतरताना त्यांचा पाय वाटाड्याच्या पायावर बरोबर पडत होता. आणि मला एवढंच म्हणाले, "तिला सांगू नका."

डोंगरातल्या थंडीत ढेप छान टिकली. बस खाली उतरू लागली तसं नळीतून पाणी ठिबकायला लागलं. दिल्लीच्या स्टेशनवर काकांनी पेटी उघडली आणि त्यांचा चेहरा उतरला. ढेप निम्मीही राहिली नव्हती. त्यांनी धावत जाऊन स्टेशनबाहेरच्या वखारीतून कारखान्याचा बर्फ आणला आणि आपल्या ढेपेभोवती रचला. म्हणाले, "ह्येचं पांघरूण करू. ह्यो आधी इतळंल, त्यो आत वाचंल." हिशेब बरोबर वाटत होता. मनमाडला छोटी गाडी पकडायच्या आधी फलाटावर त्यांनी पुन्हा भुशात हात घातला. बराच वेळ घातला. एक तुकडा वर काढला, उन्हात धरला, परत ठेवला आणि झाकण लावलं.

"आहे का काका?" मी विचारलं.

"बर्फ हाय," ते म्हणाले.

गाडी सुटल्यावर त्यांनी सांगितलं. गाडीच्या हादऱ्यांनी भोवतीचा बर्फ सरकला होता, आणि उघडी पडलेली ढेप कधीच पाणी होऊन नळीतून गेली होती. राहिला होता तो दिल्लीचा. नवरा म्हणाला, "काका, काकूंना काय कळतंय? बर्फ तो बर्फ. देऊन टाका, खूश होतील." काकांनी त्याच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की तो खिडकीकडे सरकला. "तिला कळत नाय," ते म्हणाले, "म्हणून तर खोटा माल देता येत नाय." लासूर स्टेशन आलं की एरवी दारात उभे राहून दहा माणसांना हाका मारायचे. त्या दिवशी लासूर येऊन गेलं तरी त्यांनी मान वर केली नाही. मला त्यांची फार दया आली.

घरी पोचलो तेव्हा काकू दारातच होत्या. पेटी ओसरीवर ठेवली. "आला का हो?" असं म्हणून त्यांनी आत जाऊन ताट आणलं, तेही पुसून. काकांनी भुसा उकरून नारळाएवढा तुकडा काढून ताटात ठेवला. स्वच्छ, काचेसारखा, एक नंबर. काकूंनी हात पुढे केला आणि काकांनी त्यांचं मनगट धरलं.

"थांब. ह्यो त्यो नव्हं. दिल्लीचा हाय, कारखान्याचा. त्यो वाटंतच गेला."

"समदा?"

"समदा. पाणी झालं."

काकू ताटाकडे बघत राहिल्या. मग काकांकडे. मग त्यांच्या पायांकडे. काकांच्या पायांत वाटाड्याने दिलेले जुने कॅनव्हासचे जोडे होते. "अन् तुमचे बूट?"

काकांनी आमच्याकडे पाहिलं. आम्ही आढ्याकडे पाहिलं. "एक तिथंच ऱ्हायला," ते म्हणाले आणि ओसरीवर बसले. मग त्यांनी सगळं सांगितलं. माल चांगला, माल वाईट, यापलीकडे ज्यांना कधी काही सांगता आलं नाही, ते काका त्या दुपारी दगडांपासून निळ्या कड्यापर्यंत सगळं सांगत होते. थाप कशी मारली, आवाज कसा आला, पायाखालचं कसं गेलं, मी किती ओरडले, वाटाड्या काय म्हणाला. ताटातला बर्फ कुणी उचलला नाही, त्याचं पाणी ओसरीवर पसरत गेलं.

"म्हंजी," शेवटी काकू म्हणाल्या, "माझ्यासाठी मळका बर्फ चालंना म्हणून तुमी त्या भोकात उतरला?"

"व्हय."

"तुमचा चांगला बर्फ तर मी लगीन झाल्यापसून बघायले की. मला त्यो मळकाच बघायचा हुता."

मला तर रडूच आलं. काकूंनी पदराने डोळे पुसले, ताट उचलून पाणी तुळशीत ओतलं आणि परत येऊन उभ्या राहिल्या.

"डॉक्टर डोंगर नको म्हणलाय ना? दिल्लीला डोंगर हाय का?"

"नाय."

"मग ह्यो बर्फ जिथं भेटला तिथवर तरी न्या मला."

पुढे घरोघरी फ्रिज आले. कारखाना बंद पडला, त्या जागेवर आता मोठं मंगल कार्यालय आहे. आम्हीही बदलीने गाव सोडलं. ते दोघं गेल्याला खूप वर्षं झाली. काका गेले तेव्हा मी पोचू शकले नाही, याची चुटपुट अजून आहे. पण त्यांची आठवण निघाली की मला हिमनदी आठवत नाही. मला आठवते ती त्याच हिवाळ्यातली, संक्रांत झाल्यानंतरची सकाळ. दारात स्टेशनवर जायला रिक्षा उभी होती. आत काका, काकू, एक वळकटी आणि दशम्यांचा डबा. काकूंनी तो स्वेटर आणि ती कानटोपी घालून घेतली होती, औरंगाबादेत तेवढी थंडी नसताना. काका बाहेर डोकं काढून गड्यांना सूचना देत होते, रिक्षा वळेपर्यंत देत होते. काकूंनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही.